लहान कामांची वही: उपवासकाळातील प्रकल्प नोंदी

५ मार्च २०२५, बुधवार (राखेचा बुधवार)

आजच्या सायंउपासनेनंतर आमच्या चर्चच्या मंडळीतील आम्ही नऊ जण मागे थांबलो आणि गेले दोन महिने ज्याविषयी नुसतेच बोलणे चालले होते त्या कामाला अखेर सुरुवात केली. उपवासकाळाचे, म्हणजे लेंतचे, आजपासून पुनरुत्थानाच्या आदल्या शनिवारपर्यंतचे ४६ दिवस, रविवार वगळले तर ४०, प्रत्येकाने आपल्या रोजच्या जगण्यातच शेजारी, सहकारी किंवा सहप्रवासी यांच्यासाठी एखादे लहानसे काम मनापासून करावे, त्यासाठी वेगळा निधी किंवा वेगळे व्यासपीठ शोधू नये, आणि आपला ख्रिस्तावरील विश्वास अशा कामातून दुसऱ्यापर्यंत कसा पोहोचतो किंवा का पोहोचत नाही याची प्रामाणिक नोंद ठेवावी, असे ठरले. नोंदी ठेवण्याची जबाबदारी माझ्याकडे आली आहे.

वहीत पाच रकाने आखले: तारीख, व्यक्ती, काम, लागलेला वेळ आणि परिणाम. शेवटच्या रकान्यावर थोडी चर्चा झाली. 'परिणाम' म्हणजे नेमके काय लिहायचे, असे एका भगिनीने विचारले, त्यावर 'समोरच्याने काही विचारले का, उपासनेला यायची तयारी दाखवली का' असे उत्तर मीच दिले. ते तेव्हा मला योग्य वाटले होते.

९ मार्च, रविवार

पहिल्या चार दिवसांच्या नोंदी एकत्र केल्या. एकाने इमारतीतील वृद्ध गृहस्थांचा निवृत्तिवेतनाचा अर्ज भरून दिला, एकीने कार्यालयात नव्याने आलेल्या मुलीला दुपारी सोबत बसवून घेतले, तर एकाने रोज जिना झाडणाऱ्या बाईंचे नाव सहा वर्षांत पहिल्यांदा विचारले. हे शेवटचे काम अर्ध्या मिनिटाचे आहे, परंतु सांगताना त्या बंधूंचा आवाज बदलला होता.

वही मोठ्याने वाचून दाखवताना मात्र सर्वांनाच अवघडल्यासारखे झाले. डोंगरावरील प्रवचनात येशू एके ठिकाणी (मत्तय ५:१६) सांगतो की तुमचा प्रकाश लोकांसमोर पडू द्या, म्हणजे ते तुमची सत्कर्मे पाहून स्वर्गातील पित्याचे गौरव करतील, आणि त्याच प्रवचनात, पुढच्याच अध्यायात (मत्तय ६:३), सांगतो की दानधर्म करताना उजवा हात काय करतो हे डाव्या हाताला कळू देऊ नका. मग आम्ही वहीत जे लिहितो आहोत ते पहिल्या आज्ञेत बसते की दुसरीचा भंग करते? पाळकांनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंनी, फार लांबण न लावता एवढेच दाखवून दिले की दोन्ही ठिकाणी काम लोकांना दिसतेच. फरक एवढाच की सहाव्या अध्यायात ज्याला दोष दिला आहे तो माणूस लोकांनी आपल्याला पाहावे 'यासाठी' काम करतो. आपण कशासाठी करतो हे वहीच्या रकान्यांवरून उघड होईल, असेही ते म्हणाले, आणि ते वाक्य मला आठवडाभर टोचत राहणार आहे.

यावर बोलता बोलता रेव्हरंड नारायण वामन टिळकांची गोष्ट निघाली. १८९३ साली रेल्वेच्या प्रवासात एका परदेशी सहप्रवाशाशी त्यांच्या गप्पा झाल्या, त्या गृहस्थाने त्यांना नव्या कराराची प्रत देऊन ती वाचण्याची विनंती केली, टिळकांनी शब्द दिला आणि पाळला, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांचा बाप्तिस्मा झाला. मराठी ख्रिस्ती भजनपरंपरेला ज्यांनी आपला सूर दिला त्या कवीच्या आयुष्याचे वळण या एका भेटीपाशी आहे, आणि तरीही त्या प्रवाशाचे नाव फार थोड्यांना ठाऊक आहे. आम्ही ठरवले की वहीतील 'व्यक्ती' हा रकाना काढून टाकायचा आणि काम करणाऱ्याचे नावही लिहायचे नाही. आधीची नावे मी आजच खोडली.

१२ मार्च, बुधवार

माझ्या स्वतःच्या कामाची पहिली सविस्तर नोंद.

आमच्या खालच्या मजल्यावर एक आजी एकट्या राहतात. त्या ख्रिस्ती नाहीत, आणि इतक्या वर्षांत आमचे बोलणे जिन्यातल्या 'बऱ्या आहात ना' याच्या पुढे गेले नव्हते. शेजारपाजाऱ्यांचे उसवलेले कपडे शिवून देण्याचे काम त्या अजूनही करतात, परंतु डोळ्यांत मोतीबिंदू वाढल्यामुळे सुईत दोरा ओवणे जमेनासे झाले आहे. हात अजून नेटके चालतात, कापडावर टाका कुठे घालायचा हे बोटांनाच कळते. अडते ते फक्त सुईच्या नेढ्यापाशी. परवा त्यांनी जाता-येता कोणालाही थांबवावे तसे मला थांबवले आणि सुई पुढे केली.

मी एक सुई ओवून दिली आणि निघालो, आणि वर आल्यावर लक्षात आले की ही सुई संपली की त्या पुन्हा दारात येऊन कोणाची तरी वाट पाहत उभ्या राहणार. म्हणून आज संध्याकाळी खाली जाऊन दहा सुया ओवून ठेवल्या: चार पांढऱ्या दोऱ्याच्या, तीन काळ्या, दोन खाकी आणि एक निळ्या. दोऱ्याचे टोक ओठांत ओले करायचे, चिमटीत धरून चपटे करायचे, नेढे उजेडाकडे धरायचे, आणि दोरा फाटला तर हट्ट न करता टोक तिरके कापून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. ओवलेली प्रत्येक सुई त्यांच्या कापडी उशीत रंगानुसार ओळीने टोचली आणि दोरे एकमेकांत गुंतू नयेत म्हणून प्रत्येक दोरा सुईभोवती दोनदा गुंडाळला. आजींनी त्या ओळीवरून बोट फिरवले आणि कोणत्या रंगाची सुई कुठे आहे हे मोजून पाठ केले. दोऱ्याची लांबी हातभरच ठेवा, जास्त लांब ठेवला की गाठी पडतात, अशी सूचनाही केली.

वेळ: बावीस मिनिटे. 'परिणाम' या रकान्यात काय लिहावे हे सुचले नाही. ती जागा कोरी सोडली आहे.

१६ मार्च, रविवार

आजची नोंद लिहिणे मला जड जाते आहे, परंतु ती लिहिली नाही तर या वहीला अर्थ उरणार नाही.

माझ्या एका सहकाऱ्याचे वडील गेले दोन आठवडे रुग्णालयात होते. त्या काळात मी त्याची काही कामे स्वतःकडे घेतली, दोन रात्री त्याच्यासोबत रुग्णालयाच्या बाकावर बसून काढल्या, आणि एकदा तो झोपला असताना त्याच्या वडिलांना पाणी पाजले. हे सर्व मी मनापासून केले होते. शुक्रवारी त्याच्या वडिलांना घरी सोडले. आनंदाच्या भरात मी त्याला लगेच म्हणालो की रविवारी आमच्या उपासनेला या, तुम्हाला बरे वाटेल. तो क्षणभर माझ्याकडे पाहत राहिला आणि शांतपणे म्हणाला, "अच्छा. म्हणजे हे सगळे यासाठी होते."

ते यासाठी नव्हते. परंतु मी तसे म्हणून उपयोग नव्हता, कारण वहीत पाचवा रकाना माझ्याच हाताने आखलेला होता आणि त्या रकान्यात लिहिण्यासारखे काहीतरी मिळावे अशी इच्छा माझ्या मनात कुठेतरी होतीच. त्याने ती ओळखली. ज्या माणसाने थकव्याच्या आणि भीतीच्या दिवसांत आपल्यावर भरवसा टाकला, त्याला त्या भरवशाची किंमत चुकवायची आहे असे वाटायला लावणे हा अन्याय आहे, मग आमंत्रण कितीही प्रेमाने दिलेले असो.

आजच्या बैठकीत मी हे सर्वांसमोर सांगितले. जागतिक चर्च परिषद, व्हॅटिकनची आंतरधर्मीय संवादासाठीची परिषद आणि जागतिक इव्हँजेलिकल अलायन्स या तीन मोठ्या संस्थांनी, म्हणजे एरवी अनेक बाबतींत वेगळ्या वाटेने जाणाऱ्या ख्रिस्ती परंपरांनी, पाच वर्षांच्या विचारविनिमयानंतर २०११ साली ख्रिस्ती साक्षीच्या, म्हणजे आपला विश्वास इतरांपुढे मांडण्याच्या, आचरणाविषयी एक संयुक्त निवेदन प्रसिद्ध केले, त्याचा सारांश पाळकांनी वाचून दाखवला. सेवाकार्य हा साक्षीचा अविभाज्य भाग आहे, परंतु कोणाच्या गरिबीचा किंवा अडचणीचा फायदा घेणे, आमिष दाखवणे, यांना साक्षीत जागा नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. आमिष म्हटले की आम्हा सर्वांच्या डोळ्यांसमोर पैसे किंवा वस्तू येतात. रुग्णालयातील दोन रात्री हेही आमिष होऊ शकते, हे मला या आठवड्यात कळले.

निर्णय: 'परिणाम' हा रकाना रद्द. ज्या व्यक्तीला आपण अडचणीत मदत केली तिला त्या मदतीला जोडून उपासनेचे आमंत्रण द्यायचे नाही. वहीत आता तारीख, काम आणि वेळ एवढेच उरले आहे, आणि खाली 'मला काय कळले' अशी एक मोकळी ओळ.

१९ मार्च, बुधवार

दहा सुया. निळा दोरा संपत आला आहे. आजींच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेची तारीख त्यांनी दोनदा पुढे ढकलली आहे, कारण सोबत यायला कोणी नाही, हे आज बोलण्यातून कळले. सध्या नुसते ऐकून घेतले.

२३ मार्च, रविवार

गेल्या आठवड्याच्या निर्णयावर आज दोघांनी आक्षेप घेतला, आणि तो योग्य होता. त्यांचे म्हणणे असे की आमंत्रण नाही, परिणाम नाही, नाव नाही, मग हा विश्वास इतरांपर्यंत पोहोचवण्याचा प्रकल्प राहिला कुठे? चांगली कामे तर कोणत्याही धर्माची आणि कोणताही धर्म न मानणारी माणसेही करतात, कित्येकदा आपल्यापेक्षा सरस करतात. ख्रिस्ताचे नाव कधीच घ्यायचे नसेल तर ते आपण लपवतो आहोत असा त्याचा अर्थ होईल.

या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला पंडिता रमाबाईंची आठवण झाली. रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील भगिनींच्या, म्हणजे ख्रिस्ती संन्यासिनींच्या, आश्रमात राहिल्या. तेथून त्यांना लंडनमधील फुलम येथे, त्याच भगिनींच्या दुसऱ्या निवासात पाठवण्यात आले. समाजाने 'पतित' म्हणून टाकून दिलेल्या स्त्रियांची तेथे ज्या मायेने काळजी घेतली जात होती आणि त्या स्त्रियांचे आयुष्य ज्या प्रकारे बदलले होते, ते पाहून त्या थक्क झाल्या. मग त्यांनी स्वतः होऊन आपल्या शिक्षिका असलेल्या भगिनींना विचारले की ख्रिस्ती लोकांना या स्त्रियांची एवढी काळजी का वाटते. उत्तरादाखल त्या भगिनींनी त्यांना योहानकृत शुभवर्तमानाचा चौथा अध्याय, विहिरीवर आलेल्या शोमरोनी स्त्रीची कथा, वाचून दाखवली. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला, आणि पुढे स्वतः त्यांनी निराधार स्त्रियांसाठी जे उभे केले ते सर्वांना ठाऊक आहे.

रमाबाईंसारखी संस्कृत शास्त्रांत पारंगत विदुषी युक्तिवादाने सहज जिंकली गेली नसती. त्यांच्याशी वाद घालणाऱ्यांची वानवा नव्हती. येथे घडले ते या क्रमाने: आधी काम, मग पाहणाऱ्याच्या मनात उठलेला प्रश्न, आणि त्यानंतर उत्तर. भगिनी त्या स्त्रियांची सेवा रमाबाईंना दाखवण्यासाठी करत नव्हत्या, रमाबाई आल्या नसत्या तरी ती चालूच राहिली असती. पण प्रश्न आला तेव्हा त्यांनी 'आम्ही आपले करतो झाले' असे म्हणून तो टाळलाही नाही. कोणता अध्याय उघडायचा हे त्यांना माहीत होते. माझ्या सहकाऱ्याच्या बाबतीत मी हाच क्रम मोडला होता: त्याने प्रश्न विचारण्याआधीच मी उत्तर पुढे केले.

आक्षेप घेणाऱ्या दोघांना हे पटले, परंतु त्यांनी एक काम माझ्या गळ्यात घातले आहे. प्रश्न आलाच तर प्रत्येकाने काय बोलावे, याची तयारी पुढच्या रविवारी व्हायला हवी.

२६ मार्च, बुधवार

आमच्यातील एका भगिनीची नोंद जशीच्या तशी उतरवतो, कारण ती माझ्या कल्पनेतल्या 'लहान कामा'पेक्षा वेगळी आहे. त्यांच्या इमारतीच्या व्हॉट्सॲप गटावर एका कुटुंबाविषयी बदनामी करणारा मजकूर फिरत होता. त्यांनी तो पुढे पाठवला नाही, एवढेच नव्हे तर ज्याने टाकला होता त्याला खासगीत लिहिले की ही गोष्ट मला माहीत आहे त्याप्रमाणे खरी नाही, कृपया काढून टाका. त्याने काढला. त्या कुटुंबाला यातले काही कळलेले नाही आणि कळवायचेही नाही.

साक्ष हा शब्द आपण मंडळीत रोज वापरतो, आणि दहा आज्ञांमध्येही तो आहे: शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको (निर्गम २०:१६). ख्रिस्ताविषयी साक्ष देणाऱ्याने आधी शेजाऱ्याविषयी खरी साक्ष द्यायला शिकले पाहिजे, हा संबंध इतकी वर्षे शास्त्र वाचूनही माझ्या ध्यानात आला नव्हता.

सुया दहा. निळा दोरा आणला.

३० मार्च, रविवार

तयारीची बैठक जवळजवळ दोन तास चालली.

सुरुवात मी एका बहुपरिचित वाक्यापासून केली. 'सदैव सुवार्ता सांगा, गरज पडली तरच शब्द वापरा' असे असीसीच्या संत फ्रान्सिसच्या नावावर सर्वत्र सांगितले जाते आणि आमच्याही वहीच्या पहिल्या पानावर मी ते लिहिले होते. परंतु त्याच्या उपलब्ध लेखनात हे वाक्य सापडत नाही, म्हणून ते खोडले. जे सापडते ते अधिक उपयोगी आहे. १२२१ सालच्या नियमावलीत, म्हणजे धर्मयुद्धे चालू असताना, तो आपल्या बंधूंना सांगतो की मुस्लिमांमध्ये राहायला जाणाऱ्यांनी दोन प्रकारे वागावे: एक तर वादविवाद आणि भांडणे न करता देवाखातर प्रत्येक माणसाच्या अधीन होऊन राहावे आणि आपण ख्रिस्ती आहोत हे कबूल करावे, किंवा प्रभूची तशी इच्छा आहे असे दिसेल तेव्हा वचनाची घोषणा करावी. पहिल्या प्रकारातही 'ख्रिस्ती आहोत हे कबूल करावे' हे शब्द आहेतच. म्हणजे निमूट राहून ओळख लपवणे त्यालाही मान्य नव्हते. दोन वर्षे आधी, १२१९ मध्ये, तो स्वतः निःशस्त्र जाऊन सुलतान अल-कामिलला भेटून आला होता, त्यामुळे हे त्याने अनुभवाने लिहिले आहे असे मानायला जागा आहे.

मग आम्ही नव्या करारातील, येशूचा शिष्य पेत्र याचे पहिले पत्र उघडले. आशिया मायनरमध्ये विखुरलेल्या, संख्येने लहान आणि संशयाने पाहिल्या जाणाऱ्या मंडळ्यांना लिहिलेले हे पत्र आहे, आणि त्याच्या तिसऱ्या अध्यायात आमचे दोन्ही प्रश्न शेजारी शेजारी बसले आहेत. पहिल्या वचनात विश्वास न ठेवणारे पती आपल्या पत्नींच्या वागण्याने, शब्दावाचून, जिंकले जावेत असे म्हटले आहे, तर पंधराव्या वचनात तुमच्या आशेचे कारण विचारणाऱ्या प्रत्येकाला उत्तर देण्यास नेहमी तयार असा, पण ते सौम्यतेने आणि आदराने द्या, असे सांगितले आहे. (पहिल्या वचनाचा आधार घेऊन घरातील छळ निमूटपणे सोसायला कोणाही स्त्रीला सांगितले जाऊ नये, असे एका भगिनीने ठामपणे मांडले, आणि ते आम्ही सर्वांनी मान्य करून येथे नोंदवले आहे.) पंधराव्या वचनातील 'विचारणाऱ्या' या शब्दावर मी बराच वेळ थांबलो. उत्तराची तयारी आपली, पण विचारण्याचा अधिकार समोरच्याचा.

उत्तर किती मोठे असावे? एका तरुण सदस्याने जुन्या करारातील २ राजे या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायातील लहान मुलीकडे लक्ष वेधले. अरामी सेनापती नामानाच्या घरात ती युद्धातून पकडून आणलेली दासी होती. ज्याच्या सैन्याने तिला घरापासून तोडले त्याच माणसाच्या कुष्ठरोगाविषयी तिला कळवळा वाटला, आणि आपल्या मालकिणीला ती एवढेच म्हणाली की शोमरोनातल्या संदेष्ट्याकडे धनी गेले असते तर बरे झाले असते. तिचे एवढे एकच वाक्य शास्त्रात आले आहे, आणि पुढची सारी कथा त्यावरून घडते. मग प्रत्येकाने आपल्या विश्वासाचे कारण तीन वाक्यांत, स्वतःच्या शब्दांत आणि मंडळीबाहेरच्या माणसाला कळेल अशा भाषेत लिहून काढले. 'तारण', 'कृपा', 'अभिषेक' हे आमचे रोजचे शब्द टाळून लिहिताना आठ जणांना पाऊण तास लागला. नववे आजोबा मात्र सहज म्हणाले, "मी फार वाईट वागलो होतो, त्याने मला क्षमा केली, तेव्हापासून मला दुसऱ्यावर फार काळ रागावता येत नाही." आम्ही आमचे कागद घडी घालून ठेवून दिले.

६ एप्रिल, रविवार

नोंदी वाचताना एका बंधूंनी सांगितले की त्यांच्या पत्नीने वही पाहिली आणि विचारले, "यात आपल्या घरातले एकही काम कसे नाही?" ते महिनाभर शेजाऱ्यांची बिले भरत होते आणि घरी चिडलेले येत होते. आम्ही नऊही जणांनी पाने उलटून पाहिली. पाच आठवड्यांत घरातल्या माणसांसाठी केलेल्या कामाची एकही नोंद कोणाची नव्हती. ज्यांच्यासमोर आपला विश्वास सर्वांत जास्त वेळ उघडा असतो ती माणसे आपण साक्षीच्या हिशेबात धरलीच नव्हती.

९ एप्रिल, बुधवार

सहकाऱ्याशी आज बोललो. तीन आठवडे मी त्याला टाळत होतो, किंवा तो मला. त्याला म्हणालो, "तुमचे वडील आजारी असताना मी जे केले ते मनापासून केले, पण नंतर आमंत्रण देऊन मी ते बिघडवले. माझे चुकले. तुमच्यावर कसलेही ओझे नाही." एवढेच बोलायचे ठरवले होते आणि तेवढेच बोललो. तो म्हणाला, "त्या दिवशी मीही जरा तोडूनच बोललो." वडील आता घरातल्या घरात चालतात, असे त्याने सांगितले. मग आम्ही कामाचे बोललो.

माझ्या विश्वासाविषयी त्याला आता काय वाटते हे मला माहीत नाही. परंतु चूक कबूल करून क्षमा मागणे ही आमच्या विश्वासातली अगदी मध्यवर्ती गोष्ट त्याच्यासमोर मी या एकाच वेळी प्रत्यक्ष केली, असे मला वाटते.

१३ एप्रिल, रविवार (झावळ्यांचा रविवार)

आज सुया ओवत असताना आजींनी विचारले, "आज चर्चमध्ये काय वाचले?" हा प्रश्न मी मागितला नव्हता. सकाळचा शास्त्रभाग येशूच्या यरुशलेमप्रवेशाचा होता, तो थोडक्यात सांगितला, आणि मग वाटले म्हणून प्रेषितांची कृत्ये, नवव्या अध्यायातील टबीथाची गोष्टही सांगितली. यापो गावात टबीथा नावाची एक शिष्या होती, ती गोरगरिबांसाठी पुष्कळ करत असे. ती वारली तेव्हा पेत्राला बोलावले, आणि तो आला तेव्हा गावातल्या सर्व विधवा रडत त्याच्याभोवती उभ्या राहिल्या आणि टबीथाने त्यांच्यासाठी केलेले अंगरखे आणि वस्त्रे त्याला दाखवू लागल्या.

आजींचा हात थांबला. "शिवणारी होती?" त्यांनी विचारले. मी हो म्हणालो. पेत्राने गुडघे टेकून प्रार्थना केली आणि ती पुन्हा जिवंत झाली, असे आमच्या शास्त्रात लिहिले आहे आणि ते मी खरे मानतो, असेही सांगितले, कारण ते गाळणे म्हणजे अर्धेच उत्तर देणे झाले असते. त्यांनी ते ऐकून घेतले, त्यावर काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने म्हणाल्या, "कपडे दाखवले ते बरे केले. शिवणाऱ्या बाईचे तेच असते."

टबीथाने काय शिकवले याचा एक शब्दही हे पुस्तक लिहिणाऱ्या लूकने लिहून ठेवलेला नाही. तिच्याविषयीचा सगळा पुरावा त्या बायकांच्या हातात होता.

१७ एप्रिल, गुरुवार

आज संध्याकाळच्या उपासनेत पाय धुण्याचा विधी आहे, त्याच्या आधीची ही नोंद.

दुपारी आजींकडे गेलो असताना त्यांना माझ्या बाहीचे बटण लोंबताना दिसले. म्हणजे दिसले नसावे. सुईची उशी देताना त्यांच्या बोटांना लागले. "काढा सदरा," त्या म्हणाल्या. मी नको नको म्हणत होतो, घरी लावून घेईन म्हणालो. त्यांनी ऐकले नाही. मी ओवून ठेवलेल्या पांढऱ्या सुयांपैकी एक त्यांनी चाचपून घेतली, जुना दोरा दातांनी तोडला, बटण अंगठ्याखाली दाबून धरले आणि चार भोकांतून फुलीचे टाके घातले. मग बटणाखाली दोरा तीनदा गुंडाळून त्याला देठ आणला, म्हणजे काजात बसताना कापड ओढले जात नाही, हे मला समजावून सांगितले. मी बनियनवर बसून राहिलो होतो आणि मला संकोच वाटत होता.

येशू शिष्यांचे पाय धुऊ लागला तेव्हा हाच संकोच पेत्राला वाटला होता. 'माझे पाय तुम्ही कधीही धुवायचे नाहीत' असे तो येशूला म्हणतो (योहान १३:८), आणि मी तुला धुतले नाही तर तुला माझ्याबरोबर वाटा नाही, असे उत्तर त्याला मिळते. आणि ज्या शोमरोनी स्त्रीच्या कथेने रमाबाईंचे मन वळले, त्या कथेत येशूचे पहिले वाक्य कोणते आहे हे आज जिना चढताना मला जणू पहिल्यांदाच दिसले: 'मला प्यायला पाणी दे.' तो दमून विहिरीपाशी बसला होता आणि त्याने आधी तिच्याकडे मागितले. सहा आठवड्यांच्या आमच्या वहीत आम्ही दिलेल्या गोष्टींची नोंद आहे. इतरांनी आम्हाला काय दिले यासाठी ओळच ठेवलेली नव्हती. आम्ही नेहमी देणारेच राहिलो तर समोरचा माणूस कायम घेणारा राहतो, आणि अशा नात्यात विश्वासाची गोष्ट बरोबरीच्या माणसांसारखी बोलता येत नाही. परवापर्यंत मी आजींचा मदतनीस होतो. आज त्यांनी माझे काम केले, आणि मग त्यांच्या दिवंगत यजमानांविषयी त्या पहिल्यांदाच बोलल्या.

२० एप्रिल, रविवार (पुनरुत्थानदिन)

पहाटेची उपासना झाली. प्रभू खरोखर उठला आहे. आज वहीत काही लिहायचे नाही असे ठरले होते, एवढेच लिहितो.

२७ एप्रिल, रविवार

समारोपाची बैठक. प्रकल्पाचा कालावधी संपला, परंतु ज्या माणसांसाठी कामे केली ती तेथेच राहतात, म्हणून कोणतेही काम प्रकल्प संपला या कारणाने थांबवू नये असे ठरले. निवृत्तिवेतनाच्या अर्जाचा पाठपुरावा ज्याने सुरू केला तोच करील. जिना झाडणाऱ्या बाईंच्या मुलीला गणित शिकवण्याचे काम आठवड्यातून दोन दिवस चालू राहील. ते त्यांनी स्वतः सुचवले आहे. घरातल्या कामांची नोंद ठेवायची नाही, कामे मात्र करायची. या ४६ दिवसांत विश्वासाविषयी आपणहून विचारणारी माणसे सर्वांची मिळून चार होती, त्यांतील एकाला नव्या कराराची प्रत हवी होती ती दिली. हा आकडा कोठेही सांगायचा नाही असे पाळकांनी सुचवले. आम्ही तो येथे लिहावा की नाही यावर मतभेद झाला. शेवटी खरेपणासाठी लिहिला आहे.

वहीची जुनी पाने, ज्यांवर 'परिणाम' हा रकाना आहे, ती फाडायची नाहीत.

आजींच्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया ६ मे रोजी सकाळी ठरली आहे. सोबत मी जाणार आहे आणि रात्री आमच्यातील एक भगिनी थांबतील. तशी आजींची संमती विचारून घेतली आहे. शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे त्यांना शिवणकाम करता येणार नाही, म्हणून त्यांच्याकडे आलेले सात कपडे कोणाकोणाचे आहेत याची यादी त्यांनी मला सांगून लिहून घेतली आणि प्रत्येकाला उशीर होईल असे कळवायला सांगितले. पैकी पाच जणांना आज कळवले, दोन उरले आहेत.